रेंजफाइंडर कुठला घ्यावा: एका सर्व्हेवालीचं मत

गोल्फ खेळताना झेंड्यापर्यंतचं अंतर लेझरने मोजणारा रेंजफाइंडर घ्यायचा विषय निघाला की जो तो डब्यावरचा आकडा सांगतो. माझा हजार यार्ड पकडतो, माझा तेराशे. मला हा आकडा निरुपयोगी वाटतो. तेराशे यार्डांवर आपल्याला काय मारायचं आहे? लांबातला लांब पार-फाइव्ह, म्हणजे पाच फटक्यांत संपवायचा होल, सहसा सहाशेच्या आत संपतो, आणि तिथेही टीवरून, म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेवरून, पिनचं (भोकातल्या झेंड्याच्या काठीचं) अंतर कुणी विचारत नाही. खरा प्रश्न शंभर ते पावणेदोनशे यार्डांमधला आहे. तेवढ्या अंतरावरची ती बारीक काठी, मागे दाट झाडं असताना, तुमच्या स्वतःच्या हातांनी धरलेल्या यंत्राला सापडते का? दहापैकी नऊ वेळा सापडत असेल तर यंत्र घेण्यासारखं. बाकीचं सगळं त्यानंतर.

मी सिव्हिल इंजिनिअर. नोकरीची सुरुवातीची वर्षं कालव्यांच्या आणि रस्त्यांच्या सर्व्हेत गेली. आधी साखळी आणि कोन मोजायचा व्हर्नियर थिओडोलाइट, मग प्रकाशाने अंतर मोजणारं ईडीएम, शेवटी अंतर आणि कोन दोन्ही मोजणारं टोटल स्टेशन. निवृत्तीनंतर पुण्यात येरवड्याला गोल्फ खेळायला लागले आणि लक्षात आलं की खिशात मावणारं हे यंत्र आमच्या ईडीएमचंच धाकटं भावंड आहे. त्यामुळे आमच्या चौकडीत ‘मॅडम, तुम्हीच सांगा’ म्हणून हे काम माझ्याकडे आलं आणि मी ते मनापासून केलं. चौकडीतल्या सगळ्यांची यंत्रं मागून घेतली, ओळखीच्या दुकानदाराकडची दोन-तीन वापरून पाहिली, आणि सरळ, सपाट जागा बघून स्टीलच्या टेपने पन्नास, शंभर आणि दीडशे यार्डांवर खुंट्या ठोकल्या. टेपला नीट ओढ देऊन, दोनदा मोजून.

त्या खुंट्यांवर उभ्या केलेल्या पुठ्ठ्याच्या फळीवर रोख धरला तर सगळी यंत्रं, महागातली आणि स्वस्तातली, यार्डभराच्या आत बरोबर निघाली. हे मला अपेक्षित होतं. लेझरचा एक ठोका निघतो, आपटून परत येतो, आणि यंत्र लागलेला वेळ मोजतं. दीडशे यार्ड म्हणजे 137 मीटर. प्रकाशाला जाऊन यायला एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही थोडा कमी वेळ लागतो, आणि एका यार्डाचा फरक म्हणजे सुमारे 6 नॅनोसेकंद. एवढा बारीक वेळ मोजणारे सर्किट आता स्वस्तात बनतात. म्हणून ‘एक यार्ड अचूक’ या शब्दांवर पाच-दहा हजार रुपये जास्त मोजू नका. ती अचूकता सगळ्यांकडे आहे.

फरक पडतो तो फळी काढून खराखुरा झेंडा ठेवला की.

त्यामागचं गणित सांगते, कारण ते कळलं की निवड सोपी होते. पिनची काठी साधारण दोन सेंटिमीटर जाड. दीडशे यार्डांवरून तिची जाडी डोळ्याशी अर्ध्या मिनिटाचा कोन करते, म्हणजे 30 सेकंद (ही मिनिटं-सेकंद कोनाची, अंशाचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट). आम्ही ज्या थिओडोलाइटवर काम शिकलो त्याचं सर्वात बारीक वाचन 20 सेकंदांचं होतं, आणि ते यंत्र तिपाईवर, बुडबुडा मधोमध आणून, श्वास रोखून वाचायचं असे. इथे तेवढाच कोन हाताने धरून साधायचा आहे, तोही शंभर पावलं चढ चालून आल्यावर. माझं वय एकसष्ट. हात थोडा हलतोच. शिवाय लेझरचा किरण टाचणीच्या टोकाएवढा राहत नाही, पुढे जाईल तसा पसरतो. त्यामुळे त्यातला थोडासा प्रकाश काठीवरून परततो आणि पुष्कळसा मागच्या झाडांवरून. यंत्राकडे एकाच वेळी दोन उत्तरं येतात: 148 आणि 187. कुठलं दाखवायचं?

चांगलं गोल्फचं यंत्र जवळचं उत्तर निवडतं. बुशनेल त्याला पिनसीकर म्हणतं आणि झेंडा सापडला की यंत्र हातात थरथरवून सांगतं. निकॉन जवळच्या लक्ष्याला प्राधान्य देतं. इथे खरेदीतला एक मोठा खड्डा आहे, तो नीट बघा. ऑनलाइन स्वस्तात मिळणारी बरीच यंत्रं शिकारीसाठी किंवा जंगलातल्या कामासाठी बनवलेली असतात. त्यांची अक्कल नेमकी उलटी: गवत आणि फांद्या वगळून पलीकडचं दूरचं लक्ष्य दाखवणारी. जंगलात ते बरोबर, पण ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक गवतावर, त्याने तुम्हाला मागच्या झाडाचं अंतर मिळतं. वर्णनात ‘गोल्फ मोड’ किंवा ‘फ्लॅग लॉक’ असे शब्द नसतील तर ते यंत्र घेऊ नका.

सर्व्हेत आम्ही लांब टोकाला प्रिझम ठेवायचो. काचेचा कोपरा, जो येणारा प्रकाश आल्या वाटेने परत पाठवतो. काही गोल्फ मैदानांवर काठीच्या टोकालाही असा छोटा प्रिझम बसवलेला असतो आणि तिथे कुठलंही यंत्र शहाणं वाटतं. दुकानदार बाहेर उभं करून समोरच्या इमारतीवर किंवा मोटारीच्या नंबर प्लेटवर रोख धरायला लावतात, तेही तसंच. त्यावरून काही ठरवू नका. ज्या ग्रीनमागे दाट झाडी आहे, अशा तुमच्याच मैदानावरच्या एखाद्या होलवर, सकाळी कोवळ्या उन्हात आणि संध्याकाळी सावल्या लांबल्यावर, दोन्ही वेळा बघा. आणि लागोपाठ पाच वेळा बटण दाबा. पाचही वेळा 147-148 आलं तर विश्वास ठेवा. मध्येच 187 डोकावलं तर ते यंत्र खेळताना तुमच्या मनात शंका पेरत राहील. आम्ही सर्व्हेवाले याला पुनरावृत्ती म्हणायचो, आणि कुठलंही उपकरण साइटवर न्यायच्या आधी तीच तपासायचो.

धरण्याची पद्धतही महत्त्वाची. दोन्ही कोपर बरगड्यांना टेकवायचे, टोपीची कड डाव्या हाताच्या बोटांत धरायची, अर्धा श्वास सोडायचा आणि मग बटण. शक्य असेल तर बॅगच्या उभ्या दांड्याला टेका. रोख काठीवर न धरता कापडावर धरा. झेंड्याचं कापड अर्ध्या मीटरच्या आसपास रुंद, म्हणजे काठीपेक्षा वीस-पंचवीस पट मोठं लक्ष्य. पावसाळ्यात मात्र ओलं कापड काठीला चिकटून बसतं आणि ही सोय जाते.

आता भिंगाविषयी, कारण माझा निर्णय शेवटी इथे झाला.

बहुतेक यंत्रं सहा पट मोठं दाखवतात. बुशनेलचं टूर व्ही6 सहा पट, प्रो एक्स3 सात पट. निकॉनचं कूलशॉट 20 जीआयआय सहा पट आणि वजन फक्त 130 ग्रॅम. जास्त पट म्हणजे जास्त चांगलं असं वाटतं, पण चित्र जेवढं मोठं तेवढा हाताचा कंपही मोठा दिसतो. आठ पटीत झेंडा छान दिसतो आणि नाचतोही. म्हणून आठ पट घ्यायचं तर चित्र स्थिर करणारं घ्यावं. निकॉनचं कूलशॉट प्रो स्टॅबिलाइज्ड तसं आहे. आतली भिंगं हाताच्या उलट दिशेला सरकून कंप सुमारे एक पंचमांशावर आणतात. पहिल्यांदा डोळ्याला लावलं आणि बटण दाबलं तेव्हा झेंडा जागच्या जागी थांबला. आयुष्यभर तिपाईच्या आधाराने वाचन घेतलेल्या माणसाला त्याचं मोल चटकन कळतं. पंचविशीतल्या मुलाला याची गरज नाही. त्याने त्या पैशांत चेंडू आणि शिकवणी घ्यावी. पन्नाशी ओलांडलेल्या, रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या, किंवा कॉफीशिवाय सकाळ न होणाऱ्या माणसाला मात्र मी सांगेन की स्लोप (चढ-उताराचा हिशेब), अ‍ॅप, ब्लूटूथ यांतलं काहीही सोडा, पण स्थिर चित्र सोडू नका.

दुसरी गोष्ट आकड्यांचा रंग. साध्या यंत्रांत आकडे काळे उमटतात. दुपारी हिरव्या पार्श्वभूमीवर ते स्वच्छ दिसतात, पण संध्याकाळी साडेसहाला गर्द झाडीसमोर काळ्यावर काळं होऊन जातात. लाल चमकणारे आकडे तेव्हा वाचता येतात. कूलशॉट प्रोमध्ये लाल आकडे बाहेरच्या उजेडाप्रमाणे कमी-जास्त होतात. प्रो एक्स3मध्ये काळा आणि लाल दोन्ही आहेत. नोकरी करणारे, शेवटचे नऊ होल संध्याकाळी गाठणारे जे आहेत त्यांनी हे जरूर बघावं.

चष्मेवाल्यांनी डोळ्याची वाटी दुमडता येते का ते पाहावं आणि चष्मा न काढता पूर्ण चित्र कडेपर्यंत दिसतं का ते तपासावं. प्रोग्रेसिव्ह काच असेल तर मान थोडी खाली घालून काचेच्या वरच्या भागातून बघायचं. दुकानात पाच मिनिटं यासाठी द्या. भिंगाचा फोकस फिरवायचं चाक सहज सरकत असेल तर बॅगेत ते रोज हलेल, हेही पाहून ठेवा.

स्लोपवर सगळ्यात जास्त वाद होतो. चढावर किंवा उतारावर खरं अंतर आणि खेळायचं अंतर वेगळं असतं, आणि स्लोपवालं यंत्र कोन मोजून दुसरा आकडा सांगतं. येरवड्याला याचं फारसं अडत नाही. पण बावधनमागच्या डोंगरावरच्या ऑक्सफर्ड गोल्फ मैदानावर गेलात तर टीवरून खाली दरीत किंवा वर कड्यावर मारावं लागतं आणि तिथे हा दुसरा आकडा सोन्यासारखा आहे.

यातली गंमत अशी की सर्व्हेत आम्ही तिरकं अंतर मोजून ते आडव्यात बदलायचो, आणि आडवं अंतर नेहमी कमी भरायचं. समजा पिन 140 यार्डांवर आणि 4 अंश वर. आडवं अंतर 139.7. जवळजवळ तेवढंच. पण रेंजफाइंडर म्हणतो 150. बरेच जण विचारतात की यंत्राचं गणित चुकलं का? नाही चुकलं. पिन तिथे पावणेदहा यार्ड उंच आहे. चेंडू वरून खाली येताना वाटेतच जमीन वर उठून त्याला भेटते आणि त्याचा प्रवास लवकर संपतो. साधारण 45 अंशांत उतरणारा चेंडू जेवढी उंची तेवढेच यार्ड गमावतो. म्हणून 140 अधिक 10.

पण हे 45 अंश कुणाचे? यंत्रातलं सूत्र एका ठराविक उड्डाणासाठी बसवलेलं असतं. माझा चेंडू कमी वेगाचा, जरा सपाट उडतो. तो 38 अंशांत उतरत असेल तर त्याच चढावर मला दहा नव्हे, साडेबारा यार्ड जास्त लागतील. म्हणून चढावर यंत्राने सांगितलेल्या वाढीत मी स्वतः दोन-तीन यार्ड आणखी घालते, आणि उतारावर तेवढेच आणखी कमी करते. हळू मारणाऱ्या सगळ्या बायकांनी आणि ज्येष्ठांनी हे करून बघावं. उंचच उंच मारणाऱ्या तरुणांना लहान आयर्नने, म्हणजे चेंडू उंच उडवणाऱ्या क्लबने, याच्या उलट अनुभव येईल.

स्पर्धेत स्लोप वापरता येत नाही. 2019 पासूनच्या नियमांत अंतर मोजायचं यंत्र मुळात चालतं, समितीने स्थानिक नियम करून बंदी घातली नसेल तर. पण चढ-उताराचा आकडा घेतला तर पहिल्या वेळी स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या खेळात) दोन फटक्यांचा दंड, पुन्हा घेतला तर थेट बाद. यंत्रात ती सोय असली तरी चालते, बंद असायला हवी एवढंच. म्हणून बाहेरून बंद करता येणारा खटका आणि ती बंद आहे हे सोबतच्या खेळाडूला दिसेल अशी खूण, दोन्ही असलेलं यंत्र घ्या. टूर व्ही6 शिफ्टला बाजूला खटका आहे. कूलशॉट प्रोवर स्लोप बंद असताना हिरवा दिवा लुकलुकतो. आमच्या मासिक स्पर्धेत तो दिवा बघितला की कुणी काही विचारत नाही. ज्यांना लेझर म्हणजे लबाडी वाटते त्यांना मी 2021ची पीजीए चॅम्पियनशिप सांगते. कियावा आयलंडवर पुरुषांच्या मेजरमध्ये, म्हणजे सर्वात मोठ्या चार स्पर्धांपैकी एकीत, पहिल्यांदा या यंत्रांना परवानगी होती, आणि जिंकला पन्नास वर्षांचा फिल मिकल्सन. अंतर कळल्याने फटका आपोआप बसत नाही.

महागड्या यंत्रांत तापमान आणि हवेचा दाब मोजून अंतर बदलायचीही सोय असते. पुण्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर. समुद्रसपाटीजवळच्या, मुंबईतल्या चेंबूरला 150 जाणारा फटका इथे दोन टक्के जास्त, म्हणजे 153च्या आसपास जातो. पण आपण इथेच खेळतो. आपल्या सात नंबरच्या क्लबचं अंतर आपल्याला पुण्याच्या हवेतलंच माहीत आहे, त्यामुळे ही सोय इथे रिकामी पडून राहते. उटीला किंवा 2,650 मीटरवरच्या गुलमर्गला जाणार असाल तर गोष्ट वेगळी. गुलमर्गला जवळपास दहावा हिस्सा फरक पडतो. वर्षातून एका सहलीसाठी मी त्याचे पैसे मोजणार नाही, वहीत गुणाकार करेन.

घड्याळ घ्यावं का, हेही विचारतात. जीपीएसच्या घड्याळाला समोर दिसण्याची गरज नसते. डॉगलेगच्या, म्हणजे मध्येच वळणाऱ्या होलच्या, कोपऱ्यामागचा ग्रीन, टेकाडापलीकडचं पाणी, सगळं मनगटावर कळतं. लेझर तिथे आंधळा. घड्याळ ग्रीनची पुढची कड, मध्य आणि मागची कड सांगतं, पण आज सकाळी माळ्याने भोक कुठे पाडलं ते त्याला ठाऊक नसतं. तीस यार्ड खोल ग्रीनवर पिन पुढे की मागे यात दोन क्लबांचा फरक पडतो, माझ्यासारखीला तीन. शिवाय त्याचा स्वतःचा तीन-चार यार्डांचा अंदाज असतोच, आणि ग्रीन नव्याने बांधला असेल तर नकाशा जुनाच राहतो. गार्मिनचं झेड82 लेझर आणि जीपीएस दोन्ही एकत्र करतं, आत 41,000 मैदानांचे नकाशे आणि स्थिर चित्रही. मला ते आवडलं, पण ते चार्ज करावं लागतं आणि माझ्या हाताला जड वाटलं. तुम्ही देशोदेशी खेळत असाल तर त्याचा विचार करा.

पावसाळ्यात लेझर कुरकुरतो. रिमझिम असेल तर थेंबांवरूनच प्रकाश परततो आणि आकडा भलताच कमी येतो. भिंगावर बाष्प धरतं. तेव्हा घड्याळ, नाहीतर दीडशेची पांढरी खूण आणि पावलं. आणि कॅडी, म्हणजे बॅग उचलणारा सोबती. माझा कॅडी त्या मैदानाच्या आसपासच लहानाचा मोठा झालेला. यंत्र 138 म्हणालं की तो म्हणतो, “मॅडम, वारा समोरून हाय, झाडाचा शेंडा बघा. एकशे पंचेचाळीस धरा.” यंत्र खुणेपर्यंतचं अंतर सांगतं, वारा, ओली जमीन आणि मी आज कशी मारते आहे हे कॅडीला दिसतं. यंत्र घेतल्यापासून आमचं बोलणं वाढलं आहे, कारण आता आम्ही दोघं एकाच पक्क्या आकड्यापासून सुरुवात करतो. कॅडीच्या हातातही द्या ते. त्याने पहिल्याच दिवशी सहाव्या ग्रीनच्या पुढच्या बंकरची कड मोजून ठेवली, जी मी कधी मोजली नव्हती.

सेल बघून घ्या. बऱ्याच यंत्रांना सीआर2 नावाचा तीन व्होल्टचा सेल लागतो. तो कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही, कॅमेऱ्याच्या दुकानात मिळतो. एक जास्तीचा बॅगेत ठेवा, विमानाने जाताना तो हातातल्या सामानात. भाचा अमेरिकेतून आणणार असेल तर वॉरंटी इथे चालते का ते आधी वाचा. आणि यार्ड-मीटरचा खटका चुकून बदलला नाही ना हे पहिल्या टीवर एकदा बघा: 150 यार्डांचे 137 मीटर होतात, आणि तो आकडा इतका खरा वाटतो की संशय येत नाही.

मी कूलशॉट प्रो घेतला. चौकडीतल्या कर्नलसाहेबांना मी घड्याळ घ्यायला सांगितलं, कारण त्यांचा फटका लांब आणि त्यांची अडचण पिनची नसून आंधळ्या कोपऱ्यांची. आमच्यातल्या सर्वात तरुण गड्याला टूर व्ही6, साधा, स्लोपशिवाय. त्याला स्पर्धा खेळायच्या आहेत. आता आम्ही एकत्र खेळताना एक सवय लावून घेतली आहे. सरावाच्या फेरीत कर्नलसाहेब घड्याळावरून मागच्या कडेचं अंतर सांगतात, मी पिनचं. 162 उणे 148, म्हणजे झेंड्यामागे चौदा यार्ड जागा आहे. तेवढी जागा असली की मी बिनधास्त एक क्लब वरचा, म्हणजे जास्त लांब मारणारा, काढते.